जखमेपासून वर चढणारी लाल रेघ : वेळीच ओळखा, वेळीच दवाखाना गाठा

पायात खिळा घुसतो, टाचेची भेग चिरते किंवा पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या पिकतात. एक-दोन दिवसांत त्या जागेपासून एक लाल रेघ निघते आणि पोटरीवरून मांडीकडे सरकते. हाताला जखम असेल तर ती मनगटावरून कोपराकडे आणि पुढे काखेकडे जाते. जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ येते. हुडहुडी भरून ताप चढतो.

अशा वेळी वस्तीत तीन-चार मते ऐकू येतात. कोणी म्हणते विष चढले, कोणी म्हणते नागीण उठली, कोणी नजर काढायला सांगते. कोणी वर दोरी आवळून बांधतो, म्हणजे ‘विष’ पुढे जायचे नाही. यात दोन दिवस जातात, आणि या आजारात दोन दिवस फार मोठे असतात.

जांघेतल्या त्या गाठीला आपल्या भाषेत जुना शब्द आहे : अवधाण. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आजी-आजोबांना पक्के ठाऊक होते. म्हणजे पायाचा आणि जांघेचा काहीतरी संबंध आहे, हे त्यांनी पाहून पाहून ओळखले होते. तो संबंध जोडणाऱ्या बारीक नळ्यांना लसिकावाहिन्या म्हणतात. त्यांना सूज आली की कातडीवर ती लाल रेघ दिसते. डॉक्टर या आजाराला लिम्फँजायटिस म्हणतात.

शरीरातली दुसरी जलवाहिनी

रक्त धमन्यांतून जाते आणि शिरांतून हृदयाकडे परत येते, हे आपण शाळेत शिकलो. पण जाता जाता रक्तातले थोडे पाणी बारीक केशवाहिन्यांतून बाहेर झिरपते. त्यातले बरेचसे पुन्हा रक्तात जाते आणि थोडे मागे राहते. हे मागे राहिलेले पाणी, त्यातली प्रथिने, मेलेल्या पेशींचा कचरा आणि जखमेतून शिरलेले जंतू गोळा करून नेण्याचे काम लसिकावाहिन्या करतात. मोठ्या माणसाच्या शरीरात असे दोन-तीन लिटर पाणी रोज या वाटेने परत रक्तात जाते. शेवटी या वाहिन्या मानेच्या बुडाशी, गळपट्टीच्या हाडामागे मोठ्या शिरांना मिळतात.

या वाटेवर जागोजागी चौक्या असतात. जांघ, काख आणि मान इथे त्या जास्त. त्यांना लसिकाग्रंथी म्हणतात. आलेले पाणी तिथे गाळले जाते आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे तयार असतात. लढाई सुरू झाली की ग्रंथी सुजते. हेच आपले अवधाण. ती गाठ म्हणजे शत्रू नव्हे. जंतू कुठवर पोहोचले आहेत याची ती खूण आहे.

लसिकावाहिन्यांना हृदयासारखा मोठा पंप नाही. त्यांच्या भिंतींचे हलके आकुंचन आणि आपल्या स्नायूंची हालचाल यांच्या जोरावर पाणी वर सरकते. आत छोट्या झडपा असतात, त्या पाण्याला मागे फिरू देत नाहीत. म्हणून जखम पायाला असली तरी जंतू नेहमी वर, जांघेच्या दिशेने जातात, आणि रेघही त्याच दिशेला वाढते.

जंतू कुठून शिरतात?

हा आजार बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे होतो. काही वेळा स्टॅफिलोकोकस हा जंतू कारण असतो. हे जंतू आपल्या घशात, नाकात आणि कातडीवर एरवीही वास करू शकतात. कातडी अखंड असेपर्यंत ते बाहेरच राहतात. त्यांना एखादी फट मिळाली की ते आत शिरतात. ही फट फार मोठी लागत नाही. आपल्या घरातली नेहमीची दारे अशी :

• पायाच्या बोटांमधल्या चिखल्या आणि टाचेच्या भेगा
• नखुरडे, आत वाढलेले नख, ब्लेडने खोल कापलेली नखे
• खरूज, नायटा किंवा डास-ढेकूण चावल्यावर नखांनी खाजवून झालेले ओरखडे
• केसतोड, गळू, चप्पल लागून आलेला फोड, भाजल्याची जखम
• पत्रा, खिळा, काच किंवा काटा लागलेली जागा
• कुत्रा किंवा मांजर चावल्याची जखम

शेवटच्या बाबतीत संसर्ग चोवीस तासांच्या आतही भडकू शकतो. कुत्रा चावला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. रेघ उठण्याची वाट पाहू नये.

दिवसभर ओल्यात पाय असणाऱ्यांना चिखल्या जास्त होतात. सफाई कामगार, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी, बांधकामावर माल कालवणारे, भाजी व मासळी बाजारातले हमाल, भातलावणीला जाणारे मजूर यांचे हातपाय तासन् तास पाण्यात असतात. कातडी भिजून पांढरी पडते आणि फुटते. त्यात मधुमेह असेल तर धोका वाढतो, कारण मधुमेहात जखम लवकर भरत नाही. शिवाय पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर खिळा घुसला तरी कळत नाही.

लक्षणे : डोळ्यांनी पाहा, हातानेही पाहा

जखमेपासून निघालेली, कडा थोड्या वेड्यावाकड्या असलेली लाल रेघ ही मुख्य खूण. कधी एक रेघ असते, कधी दोन-तीन. हात लावला तर रेघ गरम लागते आणि दुखते. कधी रेघेला लागून आजूबाजूची कातडीही सुजते, क्वचित फोड येतात. जांघेतली किंवा काखेतली गाठ सुजून दुखरी होते. थंडी वाजून ताप येतो, डोके दुखते, अंग मोडून येते, अन्न नकोसे वाटते. पुष्कळदा ताप आणि थंडी आधी येते आणि रेघ मागाहून दिसते. जखम कधी कधी इतकी लहान असते की रुग्णाला ती आठवतही नाही.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. पुस्तकांतली चित्रे बहुधा गोऱ्या कातडीवरची असतात. आपल्यासारख्या सावळ्या आणि काळ्या कातडीवर हीच रेघ लालभडक दिसेलच असे नाही. ती तांबूस, जांभळट किंवा नुसती आजूबाजूपेक्षा जास्त काळी दिसते. खोलीतल्या मंद उजेडात तर दिसतही नाही. म्हणून दारात, उन्हाच्या उजेडात पाहावे. हाताची मागची बाजू फिरवून दोन्ही पाय ताडून पाहावेत. एका पायावर गरम, दुखरा पट्टा लागत असेल आणि त्याच बाजूला जांघेत गाठ असेल, तर रंग दिसण्याची वाट पाहू नका.

तसेच दिसणारे, पण वेगळे

नागीण हा विषाणूचा आजार आहे. त्यात छाती, कंबर किंवा चेहऱ्याच्या एकाच बाजूला पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा उठतो आणि आग होते. त्यावरही दवाखान्यात औषध आहे आणि ते लवकर सुरू केले तर जास्त उपयोगी पडते.

सलाइन लावलेल्या जागेपासून शिरेवर दोरीसारखी कडक, दुखरी रेघ आली तर ती बहुधा शिरेची सूज असते. जखम नसताना एकच पोटरी अचानक सुजली आणि दुखू लागली, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि तेही तातडीचे काम आहे. कातडीवर रेघ न दिसता पसरट लाल, गरम सूज असेल तर तो त्याच जंतूंचा सख्खा भाऊ म्हणावा असा संसर्ग असतो. जुनी माणसे त्यातल्या एका प्रकाराला धावरे म्हणत.

काटा लागल्यानंतर काही आठवड्यांनी हातावर एका ओळीत, एकामागे एक गाठी उठल्या आणि ताप नसला, तर तो एका बुरशीचा किंवा अन्य सावकाश वाढणाऱ्या जंतूंचा आजार असू शकतो. त्याचे औषध वेगळे असते. म्हणून शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊन चालत नाही.

घरी काय करावे, काय करू नये

जखम साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवावी, स्वच्छ कापडाने झाकावी. हात किंवा पाय उशीवर उंच ठेवावा. भरपूर पाणी प्यावे. रेघ जिथवर आली आहे तिथे बॉलपेनने खूण करून वेळ लिहावी. म्हणजे ती किती वेगाने वाढते आहे हे डॉक्टरांनाही कळते. मग त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

हळद, चुना, तंबाखू, शेण, राख किंवा ग्रीस जखमेत भरू नका. रेघ चोळू नका, तेल लावून मालिश करू नका. गळू स्वतः सुईने किंवा ब्लेडने फोडू नका. वर दोरी आवळून बांधू नका. दोरीने जंतू थांबत नाहीत. रक्त मात्र थांबते आणि पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. मांत्रिकाकडे जाणे, उतारा टाकणे, गंडा बांधणे यात जाणारा वेळ जंतूंच्या उपयोगी पडतो. नुसती दुखण्याची गोळी घेऊन कामावर गेलात तर ठणका दबतो, ताप उतरल्यासारखा वाटतो आणि आजार आत पसरत राहतो. त्यातल्या त्यात सुजेवर म्हणून मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत.

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर रात्र असली तरी थांबू नका, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा किंवा सरळ मोठ्या रुग्णालयात जा : श्वास जोरात चालणे, नाडी फार जलद होणे, माणूस गोंधळल्यासारखा बोलणे किंवा ग्लानीत जाणे, लघवी फार कमी होणे, हातपाय गार पडणे, कातडी काळी-निळी पडणे, दिसते त्याहून कितीतरी जास्त वेदना होणे. जंतू रक्तात पसरल्याच्या या खुणा आहेत. लहान मूल, गरोदर स्त्री, वृद्ध माणूस आणि मधुमेही यांच्या बाबतीत तर नुसती रेघ आणि ताप एवढेच घाई करायला पुरेसे आहे.

दवाखान्यात काय होते?

डॉक्टर जखम आणि गाठ पाहतात, ताप, नाडी व रक्तदाब मोजतात. गरज पडल्यास रक्त आणि पू तपासायला पाठवतात. साखर तपासणे आवश्यकच, कारण कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे अशाच वेळी पहिल्यांदा कळते. हा आजार मुळात प्रतिजैविकांनी, म्हणजे अँटिबायोटिक औषधांनी, बरा होतो. साधा असेल तर गोळ्यांवर, ताप जास्त असेल तर दाखल करून शिरेतून औषध देतात. पू साठला असेल तर तो चीर देऊन काढावा लागतो. पूर्वी कोणत्या औषधाची अॅलर्जी आली असेल तर ते आधीच सांगावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारावे.

योग्य औषध सुरू झाले की एक-दोन दिवसांत ताप उतरू लागतो आणि रेघ फिकी पडते. दोन दिवसांत फरक नसेल किंवा पेनची खूण ओलांडून रेघ पुढे गेली असेल, तर परत दाखवायला जावे. बरे वाटू लागले की गोळ्या थांबवण्याची आपली सवय मात्र घातक आहे. घरात पैसा कमी असतो, रोज बुडतो, म्हणून पाच दिवसांच्या गोळ्यांपैकी दोनच दिवसांच्या घेतल्या जातात.

याबाबत पेनिसिलिनच्या इतिहासातली एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन देण्यात आले. त्याच्या चेहऱ्यापासून सुरू झालेला संसर्ग स्ट्रेप्टोकोकस आणि स्टॅफिलोकोकस याच जंतूंचा होता आणि तो अंगभर पसरला होता. औषध मिळताच त्याचा ताप उतरला, तो जेवू लागला. पण तेव्हा जगात पेनिसिलिन होतेच थोडे. त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा दिले गेले, तरी काही दिवसांत साठा संपला. उरलेले जंतू पुन्हा वाढले आणि मार्च महिन्यात तो गेला. त्याला औषध पुरले नाही. आज ते सरकारी दवाखान्यात मिळते. डॉक्टरांनी जितक्या दिवसांचे सांगितले तितके ते पूर्ण घ्या.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक लक्ष ठेवावे. स्ट्रेप्टोकोकसमुळे कातडीवर फोड-पू झाल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते. सकाळी चेहरा सुजलेला दिसला किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

पुन्हा पुन्हा होत असेल तर : हत्तीरोगाची शंका

एकदा सुजलेली लसिकावाहिनी बरी होते. पण हल्ले वारंवार झाले तर तिच्या झडपा निकामी होतात, पाणी वर चढत नाही आणि पाय कायमचा सुजू लागतो. सुजलेल्या पायात जंतू आणखी सहज वाढतात. अशी ही साखळी चालू राहते.

आपल्याकडे यामागचे मोठे कारण हत्तीरोग आहे. विदर्भातल्या नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत तो जुना आहे. क्युलेक्स जातीचा डास तो पसरवतो आणि हा डास तुंबलेल्या गटारात आणि संडासाच्या टाकीत वाढतो. डासामार्फत शिरलेले दोऱ्यासारखे जंत लसिकावाहिन्यांतच घर करतात आणि कित्येक वर्षे जगतात. त्यांची पिल्ले रात्री रक्तात फिरतात. म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री रक्त तपासायला येतात. ही पिल्ले माणसाच्या रक्तात असतात हे १८७२ साली कलकत्त्यात टिमोथी लुईस या डॉक्टरने दाखवले होते.

मोठा जंत वाहिनीतच मेला की तिथे सूज येते आणि रेघ उठते. ती वरून खाली, म्हणजे जांघेपासून पायाकडे उतरते. साध्या जंतूंची रेघ जखमेपासून वर चढते. पुरुषांना अंडकोशातही सूज आणि वेदना येतात. पण ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांना वरचेवर येणारे तापाचे हल्ले बहुतेक वेळा चिखल्या आणि भेगांतून शिरलेल्या साध्या जंतूंचे असतात. ते टाळणे आपल्या हातात आहे. पाय रोज साबण-पाण्याने हळुवार धुवावा, बोटांच्या बेचक्या मऊ कापडाने टिपून कोरड्या कराव्यात, चिखल्यांना डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे, बसताना पाय उंच ठेवावा, घोटा वर-खाली फिरवण्याचा व्यायाम करावा आणि बाहेर पडताना पायात चप्पल-बूट असावेच. एवढ्याने हल्ले खूप कमी होतात.

गावात किंवा वस्तीत सामुदायिक औषधोपचार मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या, काही जिल्ह्यांत त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन दिले जाते. या गोळ्या उपाशीपोटी न घेता कर्मचाऱ्यासमोरच घ्याव्यात. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि फार आजारी माणसे यांना त्या देत नाहीत. गोळी घेतल्यावर एखाद्याला थोडा ताप किंवा मळमळ झाली तर ती बहुधा आतले जंत मरत असल्याने होते. ‘मला काही झालेले नाही, मी कशाला खाऊ’ असे म्हणून गोळी खिशात टाकू नका. पाय सुजण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून जंत अंगात असू शकतात.

हत्तीरोग शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, तो कोणाच्या कर्माचे फळ नाही. ‘शिवू नका’ या दोन शब्दांनी माणसाचे काय होते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? मग सुजलेल्या पायाच्या बाईला आपल्याच वस्तीत समारंभापासून दूर बसवू नये.

कामावर आणि वस्तीत

गटार, कचरा आणि मैला यांच्याशी काम करणाऱ्यांना गमबूट, हातमोजे आणि इतर संरक्षक साधने देणे ही मालकाची किंवा ठेकेदाराची जबाबदारी आहे. गटार आणि सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. फाटके मोजे आणि गळके बूट आत पाणी साठवतात, म्हणून ते बदलून मागावेत, आणि मागणी तोंडी न करता सगळ्यांनी मिळून लेखी द्यावी. कामावरून आल्यावर साबणाने पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. रबरी चप्पल आणि ओले मोजे रात्री वाळत घालावेत.

वस्तीत तुंबलेल्या गटारासाठी वॉर्ड कार्यालयात मंडळाच्या किंवा महिला बचत गटाच्या नावाने अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधायला फार खर्च येत नाही, डास मात्र पुष्कळ कमी होतात. घरात एकाला खरूज असेल तर सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावे. मधुमेही माणसाचे तळवे रोज रात्री घरातल्या कोणीतरी, मुलानेसुद्धा, उजेडात पाहावेत.

या महिन्यात घरातल्या प्रत्येकाच्या पायाच्या बेचक्या एकदा उजेडात पाहून घ्या. चिखल्या असतील तर आजच दवाखान्यात दाखवा.